ट्रेलर ओढताना ओव्हरड्राइव्ह कधी चालू ठेवायचा, कधी बंद करायचा

पिकअपला ट्रेलर जोडल्यावर ओव्हरड्राइव्हचं (इंजिन कमी फिरवणाऱ्या सगळ्यात वरच्या गिअरचं) काय करायचं, याची दोन ठरावीक उत्तरं ऐकू येतात. एक गट म्हणतो, "गिअर डी वर टाका, बाकी गाडी बघून घेईल." दुसरा म्हणतो, "मागे ट्रेलर असला की ओव्हरड्राइव्हला हात लावायचा नाही." पहिल्या सल्ल्याने गिअरबॉक्स तापून अकाली संपतात. दुसऱ्याने सपाट रस्त्यावर तासन्‌तास इंजिन विनाकारण जास्त फिरत राहतं आणि इंधन जळतं.

खरा निकष वेगळा आहे. गिअरबॉक्स तो गिअर निवांत धरून ठेवतोय का, एवढंच बघायचं. धरत असेल तर ओव्हरड्राइव्ह राहू द्या. सारखा सोडत आणि पकडत असेल तर बंद करा. आणि हा निर्णय चढ किंवा उतार लागायच्या आधी घ्या, अर्ध्यात पोचल्यावर नको. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

पुढचे टप्पे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पिकअपसाठी आहेत. मॅन्युअल गिअर असलेल्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे.

## आधी एवढं समजून घ्या

गिअरबॉक्समधून बाहेर जाणारा शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरतो, तो गिअर म्हणजे ओव्हरड्राइव्ह. त्याचं गुणोत्तर, म्हणजे त्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे होतात तो आकडा, १ पेक्षा कमी असतं. चार गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये तिसरा गिअर १.०० आणि चौथा साधारण ०.७० असतो. फोर्डच्या सहा गिअरच्या ६आर८० मध्ये पाचवा ०.८७ आणि सहावा ०.६९ आहे, म्हणजे ओव्हरड्राइव्ह दोन. दहा गिअरच्या १०आर८० मध्ये सातवा १.०० आहे आणि वरचे तिन्ही ओव्हरड्राइव्ह आहेत. म्हणून नव्या गाडीत "ओव्हरड्राइव्ह बंद करा" या सल्ल्याचा अर्थ बहुतेक वेळा "वरचा एक किंवा दोन गिअर काढून टाका" एवढाच असतो.

आता एक हिशेब करू. समजा, ताशी ९० किलोमीटरला ०.७० च्या चौथ्या गिअरमध्ये इंजिन २००० आरपीएमवर (मिनिटाला २००० फेरे) चालतंय. त्याच वेगाला १.०० च्या तिसऱ्या गिअरमध्ये ते सुमारे २८५० वर जाईल. हलक्या चढावर गाडी आणि ट्रेलर यांना हा वेग टिकवायला ६० किलोवॅट शक्ती लागतेय असं धरा. ती चौथ्या गिअरमध्ये काढायची तर इंजिनाला सुमारे २८६ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यावा लागतो, तिसऱ्यात सुमारे २००. शक्ती तेवढीच, पण इंजिनावरचा ताण ३० टक्क्यांनी कमी.

चौथ्या गिअरमध्ये इंजिनाची ताकद अपुरी पडली की गिअरबॉक्स तिसरा टाकतो. गाडी वेग पकडते, पाय थोडा सैल होतो, गिअरबॉक्सला वाटतं काम झालं, आणि तो परत चौथा टाकतो. पुन्हा ताकद अपुरी, पुन्हा तिसरा. ही ये-जा गिअरबॉक्सला खाते. प्रत्येक बदलात आतल्या क्लचच्या चकत्या क्षणभर घासतात. त्याशिवाय टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉकअप क्लच, म्हणजे दोघांना थेट जोडून धरणारा क्लच, सुटतो आणि तो सुटलेला असेपर्यंत शक्तीचा काही भाग तेल घुसळण्यातच खर्च होऊन उष्णता बनतो.

या उष्णतेनेच गिअरबॉक्सचं तेल मरतं. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस हे तेलाचं नेहमीचं तापमान. १२० च्या पुढे ते झपाट्याने बिघडायला लागतं. मेकॅनिक एक ढोबळ नियम पाळतात: नेहमीच्या तापमानाच्या वर साधारण दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं.

पुष्कळ जणांना इंजिनाचा आवाज वाढला की भीती वाटते आणि ते ओव्हरड्राइव्ह परत चालू करतात. २८०० किंवा ३००० आरपीएम हा पेट्रोल इंजिनाच्या रोजच्या कामाचा पट्टा आहे. तिथे त्याला काहीही होत नाही. १६०० वर भार ओढत गुदमरणं त्याच्यासाठी जास्त वाईट.

## टप्पा १: नियंत्रण कुठे आहे ते गाडी उभी असतानाच शोधा

चालत्या गाडीत, मागे ट्रेलर असताना, चढाच्या मध्यावर बटण शोधू नका. आधी इंजिन चालू करून, गाडी पार्कमध्ये ठेवून तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते बघा.

गिअरच्या दांडीवरचं ओ/डी बटण. ते दाबलं की डॅशबोर्डवर "ओ/डी ऑफ" दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद आहे. दिवा दिसतोय म्हणजे काहीतरी चालू झालं, असं समजून तो विझवणारे आणि नेमकं उलट करून बसणारे चालक फार आहेत.

जुन्या गाड्यांतल्या खुणा. वर्तुळातला डी म्हणजे ओव्हरड्राइव्हसकट सगळे गिअर. साधा डी किंवा ३ म्हणजे ओव्हरड्राइव्ह वगळून.

टो/हॉल बटण. हे ओव्हरड्राइव्ह बंद करतंच असं नाही. ते गिअर बदलण्याचं वेळापत्रक बदलतं: खालचा गिअर जास्त वेळ धरला जातो, वरचा उशिरा पडतो आणि बऱ्याच गाड्यांत उतारावर ब्रेक दाबला की गिअरबॉक्स आपणहून खालचा गिअर टाकतो. नव्या गाडीत ट्रेलर जोडल्यावर पहिलं बटण हेच दाबायचं.

अधिक-उणे कळ. इथे दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एका प्रकारात तुम्ही कमाल गिअर ठरवता. ५ दिसत असेल तर गिअरबॉक्स १ ते ५ मध्ये स्वतः फिरतो, सहावा टाकत नाही. दुसऱ्या प्रकारात तुम्ही नेमका गिअर धरता. ५ म्हणजे पाचवाच, तुम्ही बदलेपर्यंत. ट्रेलर ओढताना बहुतेक वेळा पहिला प्रकार सोयीचा.

> इशारा: ओ/डी दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर बऱ्याच गाड्यांत तो गिअरबॉक्समधल्या बिघाडाचा संकेत असतो. बटण दाबून तो घालवायचा प्रयत्न करू नका. ट्रेलर न जोडता गाडी आधी तपासून घ्या.

> तपासणी: ओव्हरड्राइव्ह बंद करा, इंजिन बंद करून पुन्हा चालू करा. सेटिंग टिकलं का? अनेक गाड्यांत चावी फिरवली की ओव्हरड्राइव्ह पुन्हा चालू होतो आणि टो/हॉल सुटतो. तसं असेल तर वाटेतल्या प्रत्येक थांब्यानंतर ते परत लावायची सवय लागली पाहिजे.

## टप्पा २: ट्रेलर जोडण्याआधीची तयारी

गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तकातलं ट्रेलर ओढण्याविषयीचं पान आधी वाचा. काही उत्पादक स्पष्ट सांगतात की ट्रेलर असताना ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा, काही विशिष्ट वजनाच्या पुढे बंद ठेवायला सांगतात, तर काही टो/हॉलवर सोपवतात. ते पान आणि हा लेख यांत फरक आढळला तर ते पान खरं माना.

मग वजन. गाडी, प्रवासी, सामान, इंधन आणि भरलेला ट्रेलर यांचं एकत्रित कमाल वजन त्याच पुस्तकात असतं. फक्त ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेचा आकडा बघून थांबू नका. हिचवर (गाडीला ट्रेलर जिथे जोडतो तिथे) उभा पडणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. तो कमी असेल तर ट्रेलर मागे डुलायला लागतो, आणि तो दोष कुठल्याही गिअरने झाकला जात नाही.

गिअरबॉक्सचं तेल बघा. डिपस्टिक असेल तर पुस्तकात दिलेल्या पद्धतीनेच पातळी पाहा. बहुतेक गाड्यांत ती तेल गरम असताना, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून बघायची असते. अनेक नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे हे काम गॅरेजमध्येच होतं. बहुतेक तेलं नवी असताना लाल असतात. तपकिरी झालेलं, जळका वास येणारं तेल घेऊन जड ट्रेलरसह निघू नका. पातळी कमी दिसली म्हणून अंदाजे ओतूही नका. तेल जास्त झालं तर त्याला फेस येतो आणि दाब नीट बनत नाही.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. पहिली, गिअरबॉक्सचा वेगळा ऑइल कूलर. गाडी ट्रेलर ओढण्याच्या पॅकेजसह घेतली असेल तर तो बहुधा असतो. नसेल तर जड कामासाठी बसवून घ्या. दुसरी, तापमानाचा काटा. डॅशबोर्डवर नेहमी दिसतो तो काटा इंजिनाच्या कूलंटचा असतो. गिअरबॉक्स १३० अंशांवर पोचला तरी तो काटा मध्यावर शांत बसलेला असू शकतो. गाडीच्या पडद्यावर गिअरबॉक्सचं तापमान दाखवायची सोय आहे का ते शोधा. नसेल तर डायग्नोस्टिक सॉकेटला जोडायचं छोटं यंत्र किंवा वेगळा काटा लावून घ्या. ट्रेलरसाठी केलेला हा सगळ्यात कामी येणारा खर्च, असं माझं ठाम मत आहे.

टायरमधली हवा, ट्रेलरचे ब्रेक, दिवे, साखळ्या हे तर बघायचंच. ट्रेलरच्या टायरवरची वेगमर्यादाही वाचा. ट्रेलरसाठीच बनवलेले कित्येक टायर ताशी १०५ किलोमीटरपर्यंतच मान्य असतात. ओव्हरड्राइव्हमध्ये गाडी मोकळी धावते आणि हा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही.

## टप्पा ३: रिकाम्या गाडीने आकडे टिपून ठेवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. पण तो केलात तर पुढचं सगळं सोपं होतं.

ट्रेलर न जोडता सपाट, मोकळ्या रस्त्यावर जा. इंजिन आणि गिअरबॉक्स पुरते गरम होऊ द्या. ताशी ८० ला स्थिर चालवा, ओव्हरड्राइव्ह चालू असताना किती आरपीएम आहे ते सोबत्याला लिहायला सांगा. मग ओव्हरड्राइव्ह बंद करून त्याच वेगाचा आकडा लिहा. ९० ला हेच परत करा. अधिक-उणे कळ असेल तर वरच्या तिन्ही गिअरचे आकडे घ्या.

आता लॉकअप ओळखायला शिका. ओव्हरड्राइव्हमध्ये स्थिर वेगाने जात असताना अ‍ॅक्सिलरेटर अगदी थोडा जास्त दाबा. काटा २०० ते ४०० नी वर सरकला आणि गाडीचा वेग मात्र लगेच वाढला नाही, तर गिअर बदललेला नाही, फक्त लॉकअप सुटलाय. चार गिअरच्या गाडीत खरा गिअर बदलला की काटा ८०० च्या आसपास उडी घेतो. आठ किंवा दहा गिअरच्या गाडीत शेजारच्या दोन गिअरमधलं अंतर कमी असतं, तिथे पडद्यावरचा गिअरचा आकडा बघूनच खात्री करा.

हा फरक कळणं महत्त्वाचं, कारण गिअर न बदलताही नुसता लॉकअप सारखा सुटत राहिला तर तेल तितकंच तापतं. "माझी गाडी गिअर बदलत नाही, मग ओव्हरड्राइव्ह ठीकच आहे," असं म्हणणाऱ्यांच्या गाड्यांत बरेचदा हेच चाललेलं असतं.

> तपासणी: ट्रेलर जोडायच्या आधी तुमच्याकडे निदान दोन वेगांचे आणि दोन गिअरचे आरपीएम कागदावर असायला हवेत. हा कागद डॅशबोर्डजवळ ठेवा.

## टप्पा ४: निघताना आणि सपाट रस्त्यावर

क्रम असा ठेवा.

1. इंजिन चालू केल्यावर लगेच टो/हॉल लावा. टो/हॉल नसेल तर ओव्हरड्राइव्ह बंद करा. निघताना तो बंदच असला पाहिजे.
2. पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा. थंड तेल घट्ट असतं, लॉकअपही उशिरा लागतो.
3. वस्ती, सिग्नल, वळणं संपून वेग स्थिर होईपर्यंत ओव्हरड्राइव्हचा विचार करू नका. चार-पाच गिअरच्या गाडीत ताशी ७० च्या खाली भरलेला ट्रेलर घेऊन त्याचा उपयोग नाही.
4. रस्ता सपाट, समोरून जोराचा वारा नाही, वेग स्थिर: या तिन्ही गोष्टी जमल्या की ओव्हरड्राइव्ह चालू करा. चालू करताना पाय किंचित सैल करा, म्हणजे वरचा गिअर हळुवार पडतो.
5. पुढची काही मिनिटं लक्ष ठेवा. आरपीएम तुमच्या कागदावरच्या आकड्याशी जुळतो का? काटा एका जागी राहतो का? अ‍ॅक्सिलरेटर निम्म्याहून कमी दाबलेला आहे का? गिअरबॉक्सचं तापमान चढत नाही ना?

चारही उत्तरं समाधानकारक असतील तर ओव्हरड्राइव्ह निर्धास्त वापरा. हलका ट्रेलर, बुटकी नाव, जवळजवळ रिकामा फ्लॅटबेड यांच्यासाठी सपाट रस्त्यावर तो बंद ठेवण्यात काही अर्थ नाही.

एकाही प्रश्नाचं उत्तर बिघडलं तर बंद करा. त्यासाठी चढच हवा असं नाही. उंच, चौकोनी ट्रेलर असेल तर समोरचा वारा चढाइतकाच छळतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणून ताशी १०० वरून ९० वर आलात तर हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते. ओव्हरड्राइव्ह थोडक्यासाठी टिकत नसेल तर आधी वेग दहाने कमी करून बघा. बरेचदा तेवढ्याने गिअर स्थिर होतो.

इंधनाबद्दल: ओव्हरड्राइव्ह टिकत असेल तर बचत खरी आहे. टिकत नसेल तर बचतीचा बराचसा भाग घसरत्या लॉकअपमध्ये निघून जातो. त्यामुळे इंधनासाठी म्हणून गिअरबॉक्सला झुंजवत ठेवू नका.

## टप्पा ५: चढ

1. चढ समोर दिसला की, अजून सपाटीवर असतानाच ओव्हरड्राइव्ह बंद करा.
2. खालचा गिअर पडू द्या, आरपीएम वाढू द्या. आवाज वाढेल. वाढू द्या.
3. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) बंद करा. त्याला पुढचा चढ दिसत नाही. वेग घसरल्यावर तो एकदम जोर लावतो, लॉकअप सुटतो, गिअर पडतो, आणि वेग जुळला की पुन्हा उलटं चक्र सुरू होतं.
4. अ‍ॅक्सिलरेटर एका जागी धरा आणि वेग हळूहळू उतरू द्या. चढाच्या माथ्यावर पायथ्याच्याच वेगाने पोचण्याचा हट्ट धरू नका.
5. पाय जवळजवळ तळाला टेकूनही वेग घसरत असेल तर आणखी एक गिअर खाली घ्या आणि जी संथ वाहनांची लेन असेल ती धरा.

चढाच्या मध्यावर गिअरबॉक्सने आपणहून खालचा गिअर टाकेपर्यंत थांबलात तर तो बदल पूर्ण भाराखाली, वेग पडलेला असताना होतो. क्लचच्या चकत्यांना सगळ्यात जास्त झीज अशाच वेळी बसते. तोच बदल सपाटीवर, पाय हलका असताना तुम्ही करून घेतलात तर चकत्यांना जाणवतही नाही.

इंजिन गुदमरतंय हे कसं ओळखायचं? पाय दाबूनही वेग वाढत नाही, आवाज खर्जात जातो, सीटमध्ये जड थरथर जाणवते. पेट्रोल इंजिनात बारीक खडखड ऐकू आली तर आत इंधन अवेळी पेटतंय. ती थांबेपर्यंत पाय सैल करा आणि गिअर खाली घ्या. टर्बो डिझेलमध्ये खडखड ऐकू येत नाही, पण कमी आरपीएमवर पूर्ण भार टाकला की एक्झॉस्टच्या वायूंचं तापमान चढतं. डिझेलला खाली ताकद भरपूर असते म्हणून त्याला वरच्या गिअरमध्येच चढवलं जातं. तो गिअर धरत असेल आणि आरपीएम भरपूर टॉर्क मिळणाऱ्या पट्ट्यात असेल तर हरकत नाही. पट्ट्याच्या खाली गेला तर मात्र लगेच एक गिअर उतरवा.

उंचीचाही हिशेब ठेवा. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. २००० मीटर उंचीवर पाचव्या हिश्शाइतकी ताकद गेलेली असते. खाली ज्या चढावर ओव्हरड्राइव्ह टिकला, तसाच चढ वर टिकेल असं धरून चालू नका.

> इशारा: गाडी थोड्या थोड्या चढ-उतारांच्या रस्त्यावर असेल तर दर उतारावर ओव्हरड्राइव्ह चालू आणि दर चढावर बंद असा खेळ करू नका. गिअरबॉक्स जी ये-जा करत होता तीच तुम्ही हाताने करताय. तो सगळा पट्टा ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून पार करा.

## टप्पा ६: उतार

ओव्हरड्राइव्हची चूक चढावर गिअरबॉक्सला महाग पडते, उतारावर माणसांना. माथा ओलांडला की हायसं वाटून ओव्हरड्राइव्ह चालू करणं हा सगळ्यात धोकादायक प्रकार आहे. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला जवळजवळ अडवतच नाही. सगळा भार ब्रेकवर येतो.

किती भार? गाडी आणि ट्रेलर मिळून ५ टन वजन आहे आणि ६ टक्क्यांचा उतार ५ किलोमीटर लांब आहे असं समजा. तुम्ही ३०० मीटर खाली येता. एवढ्या उतरण्यातून सुमारे १४.७ मेगाजूल ऊर्जा मोकळी होते. २० अंशांचं ४४ लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी. यातला काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेली एकतर इंजिनाने घ्यायची किंवा ब्रेकने. ब्रेकने घेतली तर ते तापतात, पकड कमी होते, द्रव उकळला तर पेडल नुसतं तळाला जातं.

1. माथ्यावर पोचायच्या आधी वेग कमी करा. उतारावर जायच्या वेगापेक्षाही थोडा कमी.
2. ओव्हरड्राइव्ह बंदच राहू द्या. टो/हॉल चालू ठेवा. ज्या गिअरने चढला असता निदान त्या गिअरने उतरा. आधुनिक गाड्यांत बरेचदा त्याहूनही एक खाली लागतो.
3. योग्य गिअर कोणता? ब्रेकला पाय न लावता वेग फार हळू वाढतो किंवा स्थिर राहतो, तो. वेग भराभर वाढत असेल तर गिअर अजून वर आहे.
4. आणखी खाली घ्यायचा तर आधी ब्रेकने वेग उतरवा, मग गिअर बदला. भरधाव वेगात खालचा गिअर मागितला तर गाडीचा संगणक बहुधा तो नाकारतो.
5. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. ठरवलेल्या वेगाला पोचलात की पेडल ठामपणे दाबून साधारण तीन सेकंदांत वेग ताशी ८ किलोमीटरने खाली आणा, पूर्ण सोडा. वेग परत चढला की पुन्हा तसंच करा. सोडलेल्या वेळात ब्रेकना थंड व्हायला हवा मिळते.

आरपीएम लाल पट्ट्याच्या खाली आहे तोवर उतारावर ४००० चा आवाज ऐकून घाबरू नका. भार नसताना नुसतं फिरणं इंजिनाला जड जात नाही.

> इशारा: ओल्या, निसरड्या रस्त्यावर एकदम दोन गिअर खाली घेऊ नका. मागच्या चाकांवर अचानक इंजिनाचा ओढा आला तर ती घसरतात आणि ट्रेलर गाडीला आडवी ढकलतो. एकेक गिअर, सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी.

> इशारा: ट्रेलर डुलायला लागला तर गिअरशी खेळू नका, जोरात ब्रेकही दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ट्रेलरच्या ब्रेकचं हाताने चालवायचं नियंत्रण असेल तर फक्त ट्रेलरचेच ब्रेक हलके लावा.

## टप्पा ७: तापमान चढलं तर

गिअरबॉक्सचा काटा १०५ च्या पुढे सरकतोय असं दिसलं की आधी ओव्हरड्राइव्ह बंद, मग वेग कमी. खालच्या गिअरमध्ये लॉकअप धरून राहतो आणि तेलाचा पंप जास्त वेगाने फिरतो, म्हणून कित्येकदा एवढ्यानेच आकडा उतरतो. आवाज वाढला म्हणून लोक नेमकं याच वेळी वरचा गिअर मागतात आणि तापमान आणखी वाढवतात.

तरी १२० कडे जात असेल तर सुरक्षित, सपाट जागी थांबा. हँडब्रेक लावा, चाकांना अडण द्या आणि इंजिन लगेच बंद करू नका. काही गिअरबॉक्समध्ये पार्कवर असताना तेल कूलरकडे जात नाही. पुस्तकात वेगळं सांगितलं नसेल तर न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलच्या थोडं वर फिरवत ठेवा, म्हणजे तेल कूलरमधून वाहत राहतं. टर्बो इंजिनालाही हे दोन-तीन मिनिटांचं निवणं लागतंच. आकडा नेहमीच्या पट्ट्यात आल्याशिवाय निघू नका. गाडीखाली तेल गळलेलं दिसलं किंवा जळका वास आला तर पुढचा प्रवास तिथेच थांबवा.

## मॅन्युअल गिअरच्या पिकअपसाठी

इथे लॉकअपची भानगड नाही, पण वेगळी अडचण आहे. पारंपरिक मागच्या चाकांच्या पिकअपमध्ये पाच गिअरच्या मॅन्युअलचा चौथा बहुधा थेट असतो; ताकद दात्यांच्या जोड्यांतून न जाता सरळ पार होते. पाचव्यात म्हणजे ओव्हरड्राइव्हमध्ये ती दोन जोड्यांतून जाते आणि भार त्या दात्यांवर, बेअरिंगवर पडतो. म्हणून जड ट्रेलर चौथ्यात ओढा. हलक्या पिकअपच्या काही पुस्तकांत पाचव्यात ट्रेलर ओढायलाच मनाई असते. परवानगी असेल तरी सपाट रस्ता, हलका पाय आणि निदान २००० आरपीएम एवढं पाळा. पाचव्यात पाय निम्म्याच्या पुढे दाबावा लागला की चौथा घ्या. क्लच अर्धवट दाबून इंजिनाला सावरण्याची सवय तर पूर्ण टाळा.

## मुक्कामी पोचल्यावर

लांब चढ ओढून आला असाल तर इंजिन बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं आयडलवर चालू द्या. गाडी उतारावर उभी करायची असेल तर आधी चाकांना अडण, मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक सोडून वजन त्यांवर बसू द्या, आणि शेवटी पार्क. उलट क्रमाने केलं तर सगळं वजन पार्कच्या छोट्या खिळीवर येतं आणि निघताना दांडी अडकते.

वाटेत तापमान सर्वात जास्त किती गेलं ते त्याच कागदावर लिहून ठेवा. १२० ओलांडलं असेल तर तेलाचा रंग आणि वास परत बघा. बहुतेक पुस्तकांत जड वापरासाठी तेल बदलण्याचं वेगळं, कमी अंतराचं वेळापत्रक दिलेलं असतं आणि नेमाने ट्रेलर ओढणं त्यातच मोडतं. रिकाम्या गाडीचं वेळापत्रक लावून बसू नका. ट्रेलर सोडल्यावर टो/हॉल काढा आणि ओव्हरड्राइव्ह परत चालू करा. पुढच्या वेळी दुसरा ट्रेलर असेल किंवा वजन बदललं असेल, तर टप्पा ४ मधले चारही प्रश्न नव्याने विचारा.